जड विजेरी मोटारीसाठी नवे टायर निवडताना

महागड्या विजेरी मोटारीचे टायर झिजले की त्याच आकाराचा, नावाजलेल्या कंपनीचा कोणताही टायर बसवून भागेल असे नाही. याचे मूळ कारण गाडीचे वजन. पुण्याजवळ चाकणला २०२२पासून जुळणी होत असलेली मर्सिडीज ईक्यूएस ५८० रिकामी असतानाच सुमारे २,६०० किलो भरते. त्याच वर्गातली पेट्रोल किंवा डिझेलवरची सेदान दोन टनांच्या आसपास असते. या फरकातला मोठा वाटा गाडीच्या तळाशी पसरलेल्या बॅटरीचा असतो, ईक्यूएसची १०७.८ किलोवॅट-तास क्षमतेची बॅटरी एकटीच जवळजवळ सातशे किलोंची आहे. बीएमडब्ल्यू आय७ सुमारे २,७०० किलोंची, तर रोल्स-रॉइस स्पेक्टर तीन टनांच्या उंबरठ्यावर. एका चाकावर ६५० किलो भार आणि टायरमध्ये ४२ पीएसआय हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण तीन किलो दाब, असा ढोबळ हिशेब केला तर रस्त्याला टेकलेला रबराचा भाग जेमतेम २२० चौरस सेंटिमीटरचा निघतो. गाडी धरून ठेवणे, वळवणे आणि थांबवणे ही सगळी कामे एवढ्याशा चार तुकड्यांवर चालतात.

वजनाच्या जोडीला मोटरचा जोर येतो. पेट्रोल इंजिनाला पूर्ण ताकद द्यायला आधी काही फेरे गाठावे लागतात; विजेची मोटर जागेवरूनच पूर्ण टॉर्क देते. ईक्यूएस ५८०मध्ये हा टॉर्क ८५५ न्यूटन-मीटर आहे आणि शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ती साडेचार सेकंदांच्या आत गाठते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तीच मोटर जनित्र होऊन बॅटरी भरू लागते आणि गाडीला मागे ओढते. साध्या ब्रेकचे काम चारही चाकांत वाटले जाते. पण फक्त मागच्या चाकांना मोटर असलेल्या गाडीत वेग वाढवणे आणि रोजच्या रहदारीत तो कमी करणे, ही दोन्ही कामे मुख्यतः मागच्या जोडीवर पडतात. त्यामुळे ब्रेक पॅड वर्षानुवर्षे नवे दिसतात आणि मागचे टायर मात्र पुढच्यांच्या कितीतरी आधी गोटा होतात. एअर सस्पेन्शनवर खाली बसलेल्या गाडीत मागची चाके वरच्या बाजूने किंचित आत झुकलेली असतील, तर आतली कड आधी संपते. ही कड उभ्याने पाहिली तर दिसत नाही, म्हणून टायर बाहेरून ठीक वाटला तरी खाली वाकून, हात फिरवून पाहावा लागतो.

निवडीची सुरुवात टायरच्या साइडवॉलवरच्या आकड्यांपासून करायची. २५५/४५ आर२० १०५ डब्ल्यू एक्सएल असे लिहिले असेल, तर २५५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ४५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, आर म्हणजे रेडियल आणि २० हा रिमचा इंचांतला व्यास. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही बहुतेक वेळा इथवरच वाचतात. जड गाडीच्या बाबतीत खरा महत्त्वाचा आकडा त्यानंतर येतो. १०५ हा भारांक आहे. ठरावीक तक्त्याप्रमाणे त्याचा अर्थ एका टायरला जास्तीत जास्त ९२५ किलो. १०० म्हणजे ८०० किलो, १०१ म्हणजे ८२५, १०८ म्हणजे १,००० किलो. त्यापुढचे अक्षर वेगाचे: व्ही म्हणजे ताशी २४०, डब्ल्यू २७०, वाय ३०० किलोमीटर.

आता याच २५५/४५ आर२० मापाचे दोन टायर दुकानात शेजारी ठेवलेले असू शकतात, एकावर १०१ आणि दुसऱ्यावर १०५. नक्षी सारखी, कंपनी सारखी, किमतीतही फारसा फरक नाही. पण पहिला साध्या बांधणीचा आहे आणि दुसरा एक्सएल, म्हणजे जादा भाराचा. चार टायरांचा मिळून हा फरक ४०० किलोंचा होतो. मध्यम आकाराच्या पेट्रोल एसयूव्हीला पहिला पुरतो; अडीच टनांवरच्या विजेरी सेदानला तो बसवणे धोक्याचे आहे. एक्सएल टायरची ही जादा ताकद मुख्यतः जादा दाबातून येते. त्याची बांधणी तो दाब सोसेल अशी केलेली असते आणि त्याचा भारांक २.९ बार, म्हणजे साधारण ४२ पीएसआय दाबाला धरलेला असतो. पेट्रोल पंपावर हवा भरणाऱ्याने नेहमीच्या सवयीने ३३ वर काटा थांबवला, तर एक्सएल लिहिलेला टायर साध्या टायरहून जास्त वजन पेलत नाही. वर तो जास्त दबतो, तापतो आणि दोन्ही कडांनी झिजतो.

एक्सएलही कमी पडू लागला तेव्हा एचएल ही तिसरी पायरी आली. २०२१मध्ये पिरेली कंपनीने अमेरिकेतल्या ल्युसिड एअर या विजेरी मोटारीसाठी असा टायर आणला. त्यात एचएल ही अक्षरे मापाच्या आधी लिहितात: एचएल २४५/३५ आर२१. याच मापाच्या एक्सएलचा भारांक ९६, म्हणजे ७१० किलो. एचएलचा ९९, म्हणजे ७७५ किलो. टायरची रुंदी आणि व्यास न वाढवता प्रत्येक चाकामागे ६५ किलो जास्त पेलता आले. मूळ टायरवर एचएल असेल तर बदलीचाही एचएलच घ्यावा लागतो. स्वस्त मिळतो म्हणून एक्सएलवर उतरता येत नाही.

गाडीला किती भारांक लागतो हे चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवरून आणि गाडीच्या पुस्तिकेवरून कळते. तिथे पुढच्या आणि मागच्या ॲक्सलवर चालणारा कमाल भार दिलेला असतो. समजा मागच्या ॲक्सलवर १,७०० किलो लिहिले आहेत, तर एका टायरच्या वाट्याला ८५० किलो येतात आणि भारांक किमान १०२ लागतो. ही मात्र कागदावरची किमान रेषा झाली. वळणावर बाहेरच्या चाकावर भार सरकतो, खड्ड्यात तो क्षणभर दुप्पट होऊ शकतो, आणि पाच माणसे व सामान घेऊन लांबचा प्रवास होतो तो नेमका उन्हाळ्याच्या सुट्टीत. म्हणून कंपनीने मूळ टायरला जो भारांक दिला आहे, त्याच्या खाली जाऊ नये. वर गेल्याने बिघडत नाही. फक्त टायर थोडा ताठ असतो.

याच साइडवॉलवर आणखी एक छोटी खूण असते. मर्सिडीजसाठी एमओ, ऑडीसाठी एओ, बीएमडब्ल्यूसाठी तारा, पोर्शसाठी एन आणि पुढे आकडा, टेस्लासाठी टी० किंवा टी१. गाडीच्या आणि टायरच्या कंपनीने मिळून त्या मॉडेलसाठी रबर, बांधणी आणि आवाज जुळवून घेतल्याची ही खूण. ती नसलेला टायर बसवणे बेकायदा नाही आणि तेवढ्याने तो असुरक्षितही ठरत नाही. पण मूळ टायरवर मिळत असलेली रेंज आणि शांतता तशीच हवी असेल तर खुणेचा टायर हा कमी जोखमीचा मार्ग आहे. ‘खास ईव्हीसाठी’ या जाहिरातीबद्दल मात्र जपून राहावे. मिशलिनचा पायलट स्पोर्ट ईव्ही, हॅन्कूकची आयऑन मालिका, पिरेलीची इलेक्ट ही खूण यांच्यामागे खरे काम झालेले आहे. दुसरीकडे कॉन्टिनेन्टलसारख्या मोठ्या कंपनीची भूमिका अशी, की चांगला टायर दोन्ही प्रकारच्या गाड्यांना चालला पाहिजे. अपोलोचा अँपेरियन किंवा सिएटचा एनर्जीड्राइव्ह हे देशी ईव्ही टायर मध्यम गाड्यांना डोळ्यांपुढे ठेवून आणले गेले. म्हणजे नावात ईव्ही असणे हा पुरावा नव्हे. भारांक, ओल्या रस्त्यावरची पकड आणि रोलिंग रेझिस्टन्स यांचे आकडे पाहूनच ठरवायचे.

टायर फिरताना रस्त्याला टेकणारा भाग सतत दबतो आणि सुटतो. रबर दबताना जेवढी ऊर्जा घेते तेवढी सुटताना परत देत नाही. उरलेली उष्णतेत जाते. हाच रोलिंग रेझिस्टन्स. युरोपच्या टायर लेबलवर ए वर्ग म्हणजे दर टन वजनामागे ६.५ किलो किंवा त्याहून कमी विरोध, तर सी वर्ग म्हणजे ७.८ ते ९ किलो. २,६०० किलोंच्या गाडीला ए वर्गाच्या टायरवर शंभर किलोमीटर जायला यापोटी साधारण ४.६ युनिट वीज लागते. सी वर्गाच्या शेवटच्या टोकाला तीच ६.४ युनिटांच्या घरात जाते. गाडी एरवी शंभर किलोमीटरला २० युनिट घेत असेल, तर नुसत्या टायरमुळे वापर नऊ टक्क्यांनी वाढला. पूर्ण भरलेल्या १०७.८ युनिटांच्या बॅटरीवर ५४० किलोमीटर जाणारी गाडी मग पाचशेच्या आतच थांबते.

कमी विरोध, ओल्यावरची पकड आणि टिकाऊपणा या तीन गोष्टी एकमेकींना ओढतात. रबर असे केले की ते ऊर्जा कमी खाईल, तर ते रस्त्यालाही कमी चिकटते. मऊ केले तर चिकटते, पण लवकर झिजते. १९९२मध्ये मिशलिनने काजळीच्या जागी बऱ्याच प्रमाणात सिलिका वापरलेला टायर बाजारात आणला आणि पहिल्या दोन गोष्टींतला तिढा पुष्कळ सुटला. तरीही तिढा पूर्ण गेलेला नाही. कारखान्यातून येणाऱ्या विजेरी गाडीवर रेंजचा छापील आकडा मोठा दिसावा म्हणून बहुधा कमी विरोधाचा टायर असतो आणि कधी कधी त्याच्या खाचाही कमी खोल ठेवलेल्या असतात. बदलीच्या वेळी मालकाला आपला तोल आपण ठरवता येतो.

महाराष्ट्र आणि गोव्यात हा तोल ओल्या रस्त्याच्या बाजूने झुकवावा. टायरवरचा भार दीडपट झाला म्हणून पकड दीडपट होत नाही. ती त्याहून कमी वाढते. म्हणून जड गाडीला हलक्या गाडीएवढ्याच अंतरात थांबायचे तर रबर अधिक चांगले लागते. आंबोली किंवा ताम्हिणीच्या घाटात श्रावणात उतरताना हा फरक रेंजमधल्या पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा मोलाचा आहे. पकडीत ए आणि विरोधात बी वर्गाचा टायर हा इथे उत्तम सौदा. पकडीत सी आणि विरोधात ए हा नाही. खाचांची खोलीही तितकीच महत्त्वाची. नव्या टायरला ती साडेसात-आठ मिलिमीटर असते. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मोटारीसाठी मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्याच्या बरीच आधी घसरते आणि रुंद टायरच्या बाबतीत तर आणखीच, कारण त्याला जास्त पाणी बाजूला सारावे लागते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटर वेगाने साचलेल्या पाण्यावरून जाताना टायर रस्ता सोडून पाण्यावर चढू नये, असे वाटत असेल तर तीन मिलिमीटर उरले की पावसाळ्याआधीच टायर बदलणे बरे.

यात एका गैरसमजाने गोंधळ होतो. युरोपी कंपन्या ज्याला समर टायर म्हणतात तो केवळ कोरड्या उन्हाळ्यासाठी नसतो. सात अंश सेल्सिअसच्या वर, कोरड्या आणि ओल्या दोन्ही रस्त्यांवर तो उत्तम चालतो. त्याचे रबर कडक होते ते थंडीत. महाराष्ट्रात बर्फ नाही, त्यामुळे ऑल-सीझन टायर घेऊन इथे हाती काही लागत नाही, उलट पावसात थांबण्याचे अंतर वाढू शकते. म्युनिकमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाचा हिशेब वेगळा. जर्मनीत ऑक्टोबर २०२४पासून हिवाळी परिस्थितीत डोंगर आणि हिमकणाचे चिन्ह असलेलाच टायर कायद्याने चालतो, नुसती एम+एस (चिखल आणि बर्फ) ही खूण पुरत नाही.

युरोपात पकड, विरोध आणि आवाज यांचे लेबल प्रत्येक टायरवर असते. मे २०२१पासून नव्या नियमाने ए ते ई असे पाच वर्ग आहेत आणि लेबलवरच्या क्यूआर कोडने ही माहिती कोणालाही सार्वजनिक नोंदवहीत पाहता येते. भारतात रस्ते वाहतूक मंत्रालयाने २०२२मध्ये याच तीन गुणांसाठी एआयएस-१४२ हे किमान मानक लागू केले, शिवाय आयएसआय खूण सक्तीची आहेच. मात्र किमान पातळी ओलांडली एवढ्यावरून दोन टायरांतला फरक कळत नाही. त्यासाठी युरोपी नोंदवहीत नेमके तेच माप, तोच भारांक आणि तीच खूण शोधावी, कारण एकाच नावाच्या टायरचे वर्ग मापागणिक बदलतात. जून २०२०मध्ये सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकल्यापासून २० आणि २१ इंची मापे हव्या त्या खुणेसह हव्या त्या दिवशी मिळतीलच असे नाही. टायर पूर्ण गोटा होईपर्यंत थांबलेल्या मालकाला मग जो मिळेल तो घ्यावा लागतो.

इंजिनाचा आवाज नसल्याने विजेरी गाडीत टायरचा आवाज उघडा पडतो. टायरच्या पोकळीतली हवा रस्त्याच्या धक्क्यांनी सुमारे २०० हर्ट्झला घुमते. ती घुमी कमी करण्यासाठी अनेक महागड्या टायरांत आतून पॉलियुरेथेन फोमचा पट्टा चिकटवलेला असतो. मूळ टायर फोमचा असेल आणि बदली टायर बिनफोमचा घेतला, तर खडबडीत काँक्रीटवर फरक लगेच जाणवतो. फोमचा तोटा पंक्चरला दिसतो. काढणाऱ्याने त्या जागेचा फोम कापून, आतली बाजू घासून, मशरूम पॅच बसवून फोम पुन्हा चिकटवायला हवा. बाहेरून दोरीसारखी पट्टी खुपसणे एवढ्या जड गाडीला तात्पुरतेच. बऱ्याच विजेरी गाड्यांत स्टेपनी नसते. हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे किट असेल तर नियमांनी २०२०पासून तशी मुभा दिलेली आहे.

रिमच्या मापाचा प्रश्नही टायर बदलतानाच सोडवता येतो. ईक्यूएसला २५५/४५ आर२० आणि २६५/४० आर२१ अशी दोन्ही मापे कंपनीने दिली आहेत. पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ७३८ मिलिमीटर, दुसऱ्याचा ७४५. फरक एक टक्क्याचा. साइडवॉल मात्र २० इंचीला जवळजवळ ११५ मिलिमीटर आणि २१ इंचीला १०६ मिलिमीटर. खड्ड्याच्या कडेवर अडीच टन आदळतात तेव्हा या नऊ मिलिमीटरांवर रिम वाकणे किंवा साइडवॉलला फुगा येणे अवलंबून असते. मंजूर मापांपैकी लहान रिम ब्रेकवरून मोकळी फिरत असेल, तर आपल्या रस्त्यांना तीच योग्य. त्यात टायर स्वस्त मिळतो आणि रेंजही सहसा थोडी वाढते. दिसायला मोठे चाक भारी वाटते, एवढाच मोठ्या रिमचा फायदा.

चार टायर एकदम बदलणे उत्तम, पण दोनच बदलायचे तर एका ॲक्सलवरची जोडी प्रत्येक बाबतीत सारखी हवी आणि जास्त खाचांची जोडी मागे हवी, कारण मागची चाके सुटली तर सामान्य चालकाला गाडी सावरत नाही. पुढे आणि मागे वेगवेगळी मोटर असलेल्या गाडीत दोन ॲक्सल यांत्रिकपणे जोडलेले नसतात. त्यामुळे झिजलेल्या आणि नव्या जोडीतल्या व्यासाच्या फरकाने जुन्या फोर-व्हील-ड्राइव्हसारखा गिअरबॉक्सवर ताण येत नाही. ट्रॅक्शन कंट्रोलला मात्र चाकांचे फेरे मेळ खाणारेच हवे असतात. चारही चाके एकाच मापाची असतील तर दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची-मागची अदलाबदल केल्याने झीज बरीच सारखी होते. मागची चाके अधिक रुंद असलेल्या गाडीत ही सोय नसते.

दुकानात टायर रिमवर चढवण्याआधी साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे पाहावेत: २३२५ म्हणजे २०२५चा तेविसावा आठवडा. गाडी उचलताना जॅक ठरलेल्या जागीच लागला पाहिजे. तळाला बॅटरी असल्याने चार बोटे आत सरकलेला जॅक थेट तिच्या कवचावर दाबतो. एअर सस्पेन्शन असेल तर आधी जॅक मोड लावावा लागतो. नट टॉर्क रेंचने, पुस्तिकेतल्या आकड्याला आवळायचे आणि त्यानंतर व्हील अलाइनमेंट करायचे, कारण आतली कड खाल्लेल्या जुन्या टायरचे कारण न काढता बसवलेला नवा टायरही तसाच खाल्ला जातो.

हवा भरायची ती टायर थंड असताना, पट्टीवर लिहिलेल्या दाबाला. सकाळी पंचवीस अंशांत ४२ पीएसआय भरलेला टायर समृद्धी महामार्गाच्या काँक्रीटवर मे महिन्यात ताशी १२० किलोमीटरने तासभर धावला, की साठ अंशांना जाऊन ४८ दाखवू शकतो. घाबरून तिथेच सहा पीएसआय हवा सोडली तर दुसऱ्या सकाळी टायरमध्ये जेमतेम ३६–३७ उरते आणि एक्सएलची सगळी जादा क्षमता गेलेली असते.

नवे टायर बसल्यावर पहिल्या काही दिवसांत रेंज घटल्याचे बहुतेक मालकांच्या लक्षात येते. यात बिघाड काही नाही. जुन्या टायरवर तीन मिलिमीटर रबर होते, नव्यावर आठ आहे. दर फेऱ्याला जास्त रबर दबते आणि जास्त ऊर्जा खाते. पृष्ठभागावर टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून लावलेला गुळगुळीत लेप असतो, त्यामुळे पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात वेग घेणे आणि कचकन ब्रेक मारणे टाळावे. लेप निघून रबर रुळले की पकड पूर्ण मिळू लागते, आणि ट्रेड झिजत जातो तशी रेंज हळूहळू पुन्हा वर सरकते.